नळीतला पांढरा थर

मित्रांनो, मला भट्टी म्हणतात, पण माझ्यात कधी कोणी चणे फोडले नाहीत की विटा भाजल्या नाहीत. मी पत्र्याची एक आडवी पेटी आहे. माझ्या पोटातून काचेसारखी दिसणारी एक लांब नळी आरपार जाते. ती क्वार्ट्झची आहे. साधी काच जिथे वितळेल तिथे ही शांत राहते. नळीभोवती तारेचे वेटोळे, वेटोळ्याभोवती पांढरी सिरॅमिकची लोकर आणि वर पत्रा. एवढेच माझे शरीर. माझा निळा रंग आता बऱ्याच ठिकाणी उडाला आहे. बडोद्याला, सयाजीगंजातल्या एका विज्ञान संस्थेत, पहिल्या मजल्यावरच्या ओट्यावर मी असते.

माझे काम सुया उगवण्याचे. तुमच्या आईच्या शिवणाच्या डब्यातल्या सुया नव्हेत. माझ्या सुया इतक्या बारीक असतात की केसाच्या टोकावर त्यांचे अख्खे शेत मावेल. त्या झिंक ऑक्साइडच्या, म्हणजे जस्ताच्या पांढऱ्या भस्माच्या बनतात. हा पदार्थ अर्धवाहक आहे. त्याच्यातून वीज जाते, पण धातूसारखी मोकळी जात नाही. असल्या पदार्थांच्या सुयांवर योग्य प्रकाश टाकला तर त्या स्वतःचा प्रकाश परत देतात. तो प्रकाश कसा आहे यावरून सुई कशी आहे ते कळते.

माझा जन्म मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतला. तिथे संपतरावांचा भट्ट्या बनवण्याचा लहानसा कारखाना होता. त्यांचे आजोबा संस्थानच्या फौजेत होते. फौज गेली, पण शस्त्र घासूनपुसून ठेवण्याची सवय घरात राहिली. खंडेनवमीला इतर कारखान्यांत पान्ह्यांना हळदकुंकू लावत. संपतरावांकडे आदल्या दिवसापासून पान्हे, कानशी, हातोडे राखेने घासत. आणि एक नियम वर्षभर होता. दुरुस्तीला आलेली वस्तू घाणेरडी परत जायची नाही. गिऱ्हाइकाने सांगो वा न सांगो, ती चकचकीत करूनच द्यायची.

स्नेहलता तेव्हा संस्थेत नुकतीच शिकवायला लागली होती. एक दिवस ती हाताने काढलेले चित्र घेऊन कारखान्यात आली.

"किती तापली पाहिजे?" संपतरावांनी विचारले.

"हजार अंशांपर्यंत. पण नुसती तापून उपयोग नाही. तिथं टिकली पाहिजे."

"आणि घालणार काय? बोल्ट?"

"जस्ताच्या भस्माची भुकटी."

"निघणार काय?"

"सुया."

संपतराव मागे वळले. "अविनाश, ऐकलंस का? मकरपुऱ्यात लोक बोल्ट कडक करायला भट्टी मागतात. या बाई सुया उगवायला मागतात. पेरणी कधी करणार, विचार."

त्यांचा मुलगा अविनाश तार गुंडाळत होता. मान वर न करता तो म्हणाला, "पाऊस बघून करतील, बाबा."

स्नेहलता हसली नाही. "पाऊस नळीतच पडतो," ती म्हणाली. "वाफेचा."

तेव्हा अविनाशने मान वर केली.

मला अविनाशनेच बनवले. पहिल्या खेपेला माझी एक बाजू जास्त तापायची. स्नेहलताने तक्रार केली. तो आला, तार सोडवून पुन्हा गुंडाळून गेला. मग दुसरी तक्रार झाली. तो पुन्हा आला. पुढे मी अगदी बरोबर तापू लागले तरी त्याचे येणे थांबले नाही. त्यांचे लग्न झाले आणि दोघे सुभानपुऱ्यात राहू लागले. मग मात्र तो संस्थेत फारसा येईनासा झाला. यायला कारण उरले नाही, कारण मी बिघडतच नव्हते.

त्यानंतरची माझी वर्षे कामात गेली. चिनी मातीच्या छोट्या होडीत पांढरी भुकटी आणि कोळशाची पूड घालून ती होडी नळीत सरकवायची. थोड्या अंतरावर सिलिकॉनचा नखाएवढा तुकडा ठेवायचा. त्यावर सोन्याचा अगदी पातळ मुलामा असतो. मग नळीतून हळूहळू वायू सोडायचा आणि मला तापवायचे. भुकटीतून जस्ताची वाफ निघते, वायूबरोबर पुढे जाते आणि सोन्याच्या सूक्ष्म थेंबांपाशी थांबते. तिथून सुई वर येऊ लागते. मी निवले की स्नेहलता तुकडा बाहेर काढायची. डोळ्यांना त्यावर फक्त करडी लव दिसायची.

मग तो तुकडा शेजारच्या अंधाऱ्या खोलीत जायचा. मध्ये एक काळा पडदा आहे. तिथे सुयांवर लेसर टाकत आणि त्यांच्यातून निघणारा प्रकाश यंत्राने मोजत. कधी शाळेची मुले बघायला येत. काही सुया लेसरखाली हिरव्या उजळत. मुलांना ते आवडायचे.

"मॅडम, हिरव्या सुया किती छान आहेत," एक मुलगी म्हणाली होती.

"छान दिसतात," स्नेहलता म्हणाली. "पण त्या नापास आहेत. हिरवं दिसलं म्हणजे आतल्या रचनेत कुठेतरी खोट राहिली, बहुतेक एखादी जागा रिकामी राहिली. चांगली सुई जांभळ्याच्याही पलीकडचा प्रकाश देते. तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही."

"मग कळतं कसं?"

"यंत्राला विचारायचं."

माझ्या सुया बहुतेक पास होत. लांबून लोक येत आणि स्नेहलताला विचारत, तुमच्या सुया दर वेळी सारख्या कशा येतात? ती माझ्या पत्र्यावर हात ठेवून म्हणायची, "ही समजूतदार आहे." मला बरे वाटायचे.

मित्रांनो, आता माझ्या नळीबद्दल सांगते. दर वेळी थोडी वाफ नळीच्या आतल्या बाजूलाही बसत असे. आधी नळी धुरकट झाली, मग दुधासारखी, आणि काही वर्षांनी आत जाड पांढरा थर झाला. नवीन आलेला प्रत्येक विद्यार्थी म्हणायचा, मॅडम, ही धुऊ का? स्नेहलताचे उत्तर ठरलेले असायचे. "नळीला हात लावायचा नाही. तिला सवय झाली आहे." याहून जास्त तिने कधी सांगितले नाही. मुले आपसांत हसत. शिवांगी ही तिची शेवटची विद्यार्थिनी. तीही हसली होती.

गेल्या वर्षी पावसाळा संपताना स्नेहलता आजारी पडली. दिवाळीच्या आधी ती गेली.

मला कोणी येऊन सांगितले नाही. भट्टीला कोण सांगणार? ती यायची थांबली. ओट्यावर तिचा चष्मा राहिला होता, तो कोणीतरी नेला. मी बरेच दिवस थंड होते. थंड असताना मला काही वाटत नाही. ते वाईटही नसते.

जाण्याआधी तिने शिवांगीबरोबर एक शोधनिबंध पाठवला होता. त्याचे उत्तर नंतर आले. काम चांगले आहे, पण त्याच पद्धतीने सुया पुन्हा उगवा, अतिथंड करून त्यांचा प्रकाश पुन्हा मोजा आणि तसाच येतो हे दाखवा, मग छापू. शिवांगीची पीएच.डी. या निबंधावर अडली होती. तो छापून आल्याशिवाय तिला प्रबंध देता येणार नव्हता. आणि स्नेहलताचा तो शेवटचा निबंध होता. शिवांगीने मला चालू केले. अर्ध्या वाटेत माझी तार तुटली.

विभागप्रमुख धैर्यशील सर येऊन बघून गेले. "नवी मागवली आहे. येईल तेव्हा येईल. ही आता भंगारात काढू."

"सर, आधीची सगळी मापं हिच्यातल्या सुयांची आहेत. दुसऱ्या भट्टीत तसंच येईल असं नाही."

"मग दुरुस्त करून घे. कोण करेल?"

"मॅडमच्या मिस्टरांनीच बनवली आहे."

सर म्हणाले, "विचारून बघ. नाही म्हणाले तर आग्रह करू नकोस."

अविनाश नाही म्हणाला नाही. दुसऱ्या दिवशी टेंपो आला आणि मी पुष्कळ वर्षांनी मकरपुऱ्याला गेले.

संपतराव आता वयामुळे घरीच असतात. कारखान्यात अविनाश आणि जुने कारागीर रमणभाई एवढेच होते. अविनाश मोटारसायकलवरून आला आणि स्टुलावर बसला. त्याच्या डोक्यावर हेल्मेट तसेच होते. त्याने हेल्मेटसकट माझे स्क्रू उघडायला घेतले.

"शेठ, हेल्मेट तो उतारो," रमणभाई म्हणाले. "भट्टी क्यां भागी जवानी छे?" हेल्मेट तरी काढा, भट्टी कुठे पळून जाणार आहे, असे.

अविनाशने हेल्मेट काढून बाजूला ठेवले. हसला नाही, रागावलाही नाही. रमणभाईंनी चहा आणला. तो समोर निवून गेला. त्याने तो थंडच प्यायला.

पण हात चांगले चालत होते. त्याने तुटकी तार काढली, नवी गुंडाळली, जळकी लोकर बदलली. मग नळी बाहेर काढून उजेडात धरली. आत पांढरा थर होता. काही ठिकाणी पिवळट डाग होते.

"आ नळी तो बहु गंदी छे," रमणभाई म्हणाले.

"हो. धुऊनच देऊ."

मित्रांनो, तेव्हा मला बोलता आले असते तर. पण मी उघडी पडले होते आणि माझ्या वायरी जमिनीवर लोंबत होत्या. त्यांनी नळी ॲसिडच्या टाकीत ठेवली. पांढरा थर पाण्यात मीठ जावे तसा गेला. इतक्या वर्षांचे जमलेले, दुपारच्या जेवणाआधी संपले. अविनाशने नळी स्वच्छ पाण्याने धुतली, पुसली आणि तिच्यातून रस्त्याकडे पाहिले. पलीकडचे सगळे स्पष्ट दिसत होते.

"बेन होत तो खुश थात," रमणभाई म्हणाले. स्नेहलता असती तर खूश झाली असती, असे.

 अविनाशने माझा पत्राही पुसला.

संस्थेत मला परत बसवले तेव्हा शिवांगीने लखलखीत नळी पाहिली. तिला वाटले, काकांनी पदरचे पैसे घालून नवी घातली. पत्नी गेलेल्या माणसाला जास्त काय विचारायचे, म्हणून तिने नुसते आभार मानले. मग तिने भुकटी भरली, तुकडा ठेवला, मला तापवले. सगळे नेहमीसारखे.

सुया आल्या नाहीत. तुकड्यावर चिखल वाळल्यासारखी पापडी आली. पुन्हा केले. या वेळी जाड, वेडीवाकडी ढेकळे आली. लेसरखाली ती हिरवीगार उजळली. शिवांगीने वायू कमी केला, वाढवला, तुकडा मागेपुढे सरकवला. हिरवेच. संपादकांनी दिलेली मुदत जवळ येत होती. धैर्यशील सर म्हणाले, "शिवांगी, पहिले निकाल योगायोगाचे तर नव्हते?" ते वाईट मनाने म्हणाले नव्हते. पण निकाल योगायोगाचे ठरले, तर तिची वर्षे जाणार होती आणि मॅडमच्या नावावर कायमची शंका राहणार होती.

तिने अविनाशला पुन्हा बोलावले. तो स्वतःचे तापमापक घेऊन आला. माझ्यात ते घालून त्याने बराच वेळ पाहिले.

"भट्टी बरोबर आहे," तो म्हणाला. "कुठेही फरक नाही."

"मग नळीच असणार. काका, तुम्ही काढलेली जुनी नळी आहे ना कारखान्यात? ती परत लावून बघू."

"जुनी कुठली?"

"आधीची. पांढरी झालेली."

"हीच ती."

शिवांगीने माझ्याकडे पाहिले. "ही? पण ही तर नवी आहे."

"धुतली मी. ॲसिडमध्ये. आमच्याकडे वस्तू घाण परत देत नाहीत."

ती नळीत वाकून पाहू लागली. तेव्हा त्याने विचारले, "का? काय झालं?"

"मॅडम ती कोणाला धुऊ देत नव्हत्या."

"मला नाही बोलली कधी."

"आम्हालाही कारण नाही सांगितलं. म्हणायच्या, तिला सवय झाली आहे. आम्हाला वाटायचं, त्यांचा हट्ट आहे."

अविनाश स्टुलावर बसला. पंखा चालू होता. खाली रिक्षावाल्यांचे गुजरातीत भांडण चालले होते, ते स्पष्ट ऐकू येत होते. मग तो म्हणाला, "घरी बिडाचा तवा आहे. तोही मला घासू देत नव्हती. साबण लावला की बोलणी बसायची. म्हणायची, तुमच्या घराण्याला काळं काही बघवतच नाही."

"घासला तर काय होतं, काका?"

"धिरडं चिकटतं. लोखंड उघडं पडतं."

"मग काय करतात?"

"तेल लावून परत परत तापवायचा. पहिली काही धिरडी वायाच जातात. मग सुटायला लागतात."

दोघेही माझ्याकडे बघू लागले.

"भिंत कोरी आहे," शिवांगी हळूच म्हणाली. "वाफ तिलाच चिकटते. तुकड्यापर्यंत हवी तेवढी पोचतच नाही. सर, म्हणजे काका, आपण तुकडा ठेवायचाच नाही. नुसती भुकटी घालून तापवत राहायचं. सगळी वाया घालवायची."

"घालवू," अविनाश म्हणाला.

तेव्हापासून तो रोज सकाळी कारखान्यात जाण्याऐवजी आधी इथे येऊ लागला. शिवांगी भुकटी भरायची, तो मला चालू करायचा. मी तापायचे, वाफ नळीला बसायची, मी निवायचे. हाती काही लागायचे नाही. तो स्टुलावर बसून असायचा.

"कसं वाटतंय काका आता?" एकदा तिने विचारले.

"काही वाटत नाही. जेवतो, झोपतो. लोक म्हणतात, रडून घे. येत नाही."

 थोड्या वेळाने ती म्हणाली, "मॅडम इथे नाही बसायच्या. भट्टी तापत असली की बाहेरच्या बाकावर बसून सेवउसळ खायच्या. वरून जास्तीची तिखट तरी घ्यायच्या."

"तिखट तरी?"

"हो. आम्हालाही घ्यायला लावायच्या."

"मला सांगायची, डॉक्टरांनी तिला तिखट बंद केलंय. दोन वर्षं मी घरी बिनतिखटाची आमटी जेवलो."

शिवांगीने तोंडावर हात धरला. अविनाश भिंतीकडे बघत म्हणाला, "विचारायला हवं होतं डॉक्टरांना."

नळीवर आधी थंडीत आरशावर श्वास सोडावा तेवढीच वाफ धरली. मग ती धुरकट झाली. मग एका सकाळी तिच्यातून पलीकडचे दिसेनासे झाले. शिवांगीने तेव्हा पहिला तुकडा ठेवला. मी निवल्यावर तो बाहेर काढला तर त्यावर करडी लव होती.

ती तुकडा घेऊन पडद्यामागे गेली. अविनाशही गेला. मला इथून आवाज येत होते. सुया थंड करायला द्रवरूप नायट्रोजन ओतल्याचा सूं सूं आवाज, मग लेसरचा बारीक गुंजारव.

"काही दिसत नाही," अविनाश म्हणाला.

"दिसायला नकोच आहे, काका. इकडे यंत्राच्या पडद्यावर बघा."

 नंतर शिवांगीचा आवाज आला.  "ही रेघ बघा. उभी आली आहे. हिरव्याकडे जवळजवळ काही नाही. मॅडमच्या मापाशी जुळते."

"अगदी तशीच आहे?"

"अगदी नाही. सुया थोड्या आखूड असतील. पण आहे."

"बरं," अविनाश म्हणाला.

शिवांगीने निबंधात खरे ते लिहिले. मध्येच नळी धुतली गेली, त्यामुळे सुया यायच्या थांबल्या आणि थर पुन्हा बसल्यावर आल्या, हेही लिहिले. संपादकांना तोच भाग सर्वांत उपयोगाचा वाटला. धैर्यशील सरांनी माझ्यावर एक कागद चिकटवला, 'नळी धुऊ नये'. नवी भट्टी आली आहे. ती माझ्या शेजारी असते. मीही चालू असते.

निबंध छापून आला त्या दिवशी शिवांगीने अविनाशला बोलावले आणि संगणकावर पान उघडून दाखवले. वर दोघींची नावे होती. त्याने ती वाचली. मग स्नेहलताच्या नावापाशी बोट नेले. नावाच्या डोक्यावर कट्यारीसारखी एक बारीक खूण होती.

"हे काय?"

शिवांगी अडखळली. "ती खूण करतात, काका. म्हणजे त्या आता नाहीत."

तो त्या खुणेकडे बघत राहिला. मग त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसू लागला आणि पुसतच राहिला. शिवांगी पाणी आणते म्हणून बाहेर गेली आणि लवकर परत आली नाही. खोलीत त्याच्याजवळ मी एकटीच होते. मित्रांनो, मी त्याला मला बनवणारा हात म्हणून ओळखते. त्या दिवशी त्याचे दोन्ही हात तोंडावर होते.

कागदावर गेलेल्या माणसाच्या नावाला खूण करतात. त्याच्या वस्तूंवर अशी खूण कोणी करत नाही. त्या इतर वस्तूंसारख्याच दिसतात, कधी मळक्या, कधी काळ्या, कधी डागाळलेल्या. प्रेमाने घासणाऱ्याचाही हात तिथे चुकतो. म्हणून माझे एवढे ऐका. घरातली कोणाची वस्तू हातात घ्याल तेव्हा ती लगेच चकचकीत करू नका. हे असेच का ठेवले आहे, ते विचारा. आणि ज्याची ती वस्तू आहे, तो माणूस सांगायला समोर आहे तोवरच विचारा.